जेवण झाले, बाप्तिस्मा राहिला

माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, हे मला गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास चर्चच्या कचेरीत कळले. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. त्याच्या पाच महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा तीन दिवसांनी, रविवारी होता. मंगळवारी तो कतारला नोकरीवर परत जाणार होता आणि त्याची पुढची रजा सव्वा वर्षाने होती.

त्याआधीचे तीन आठवडे आमच्या घरात बाप्तिस्म्याविषयी फारसे कोणी बोलले नव्हते. बोलणे जेवणाचे होते.

आधी पाण्याचे पाहावे लागले. आमच्या भागात नळाला पाणी पाच दिवसांआड येते आणि तो रविवार कोरडा पडत होता. टँकर सांगितला. मग वेळेवरून फोन सुरू झाले. मे महिना होता, म्हणून माझ्या बाजूच्या नातेवाइकांना जेवण संध्याकाळी हवे होते. सुनेच्या माहेरच्यांना उजेडात मंगळवेढ्याला परतायचे होते. दुपार ठरली. चर्चच्या आवारातला मंडप कापडी घालायचा की पत्र्याचा, यावर दोन दिवस गेले. पत्रा तापतो म्हणून कापडी ठरला आणि कापडी मंडपात वारा येत नाही म्हणून चार कूलर सांगितले. कूलरलाही पाणी लागते, हे टँकरवाल्यानेच लक्षात आणून दिले.

सून लिंगायत घरातली. तिच्या माहेरी ज्वारीचा व्यापार आहे. लग्न नोंदणी पद्धतीने झाले, नंतर चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना झाली. तिने बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि तिने तो घ्यावा अशी अट आमच्या घरात कोणी घातली नव्हती. मुलीला मात्र बाप्तिस्मा द्यायचा आणि तो बापाच्या रजेत, बापाच्या हातांवर, असे दोघांनी ती जन्मायच्या आधीच ठरवले होते. तिच्या जन्माच्या वेळी त्याला रजा मिळाली नव्हती. पहिले चार महिने त्याने तिला फोनच्या पडद्यावर पाहिले. या सगळ्या समारंभात मुलाने मागितलेली गोष्ट तेवढी एकच होती. बाकीचे, म्हणजे केक, फ्लेक्स आणि पाहुणे, इतरांनी मागितले होते.

मंगळवेढ्याहून पस्तीस माणसे येणार होती आणि ती सगळी शाकाहारी. मी सुरुवातीला सगळेच जेवण शाकाहारी करू असे सुचवून पाहिले. माझ्या चुलतभावाने फोनवर विचारले, "मटण नाही तर लोक येतील कशाला? प्रार्थनेला?" तेव्हा आवाराच्या दोन टोकांना दोन चुली ठरल्या. मटणाच्या आचाऱ्याला मागच्या भिंतीशी जागा दिली. तो जागा पाहून गेला आणि म्हणाला की तीस वर्षे स्वयंपाक करतोय, पण असे लपून कधी केले नव्हते. शाकाहारी चुलीसाठी सुनेच्या आईने मंगळवेढ्याचीच दोन माणसे पाठवते म्हणून कळवले. ती स्वतःची भांडी आणणार होती आणि गव्हाची खीर, जिला ते हुग्गी म्हणतात, तीही करणार होती.

हे सगळे मी पाहत होतो. सोलापुरातल्या एका दैनिकात मी एकतीस वर्षे काम केले, आधी बातमीदार, मग उपसंपादक. निवृत्त झाल्यापासून घरातली असली कामे माझ्याकडे येतात, कारण माझ्याकडे वेळ आहे असे समजले जाते. त्या तीन आठवड्यांत सकाळी उठलो की पहिला फोन मंडपाचा, शेवटचा केकवाल्याचा. केकवर कबूतर हवे की क्रूस, याचे उत्तर मी दोनदा दिले आणि दोन्ही वेळा वेगळे दिले. मुलगा बहुतेक वेळ आतल्या खोलीत कूलरसमोर मुलीला पोटावर घेऊन पडलेला असायचा. ती त्याला अजून परका समजत होती. दुसऱ्या आठवड्यात ती त्याच्याकडे झोपायला लागली.

बुधवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी मुलीच्या बाप्तिस्म्याचा अर्ज भरायला दिला. ते आमच्या मंडळीत आठ महिन्यांपूर्वी आले. माझ्या मुलाच्याच वयाचे असतील. अर्जात आई-वडिलांच्या बाप्तिस्म्याची तारीख आणि नोंदवहीतला क्रमांक यांचे रकाने होते. आधीच्या पाळकांच्या काळात हे रकाने कोणी भरत नसे. आमच्या चर्चच्या नियमाप्रमाणे आई-वडिलांपैकी निदान एकाचा बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, पण कुणाचा झाला आहे ते सगळ्यांना माहीत असायचे. नवे पाळकसाहेब म्हणाले, "रकाने रिकामे ठेवायचे नाहीत, असं मी ठरवलंय." मला ते बरोबर वाटले. त्यांना बाकीची कामे होती म्हणून मी म्हटले, मुलाची नोंद मीच शोधून देतो.

गुरुवारी कचेरीतल्या लोखंडी कपाटातून जुनी नोंदवही काढली. वर्ष माहीत होते. महिनाही माहीत होता, कारण त्याच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी तुळजापूर रस्त्यावर एक टेंपो उलटला होता आणि ती बातमी मी केली होती. त्या महिन्यात तीन बाप्तिस्मे नोंदलेले होते. तिन्ही मुली. मी मागचा आणि पुढचा महिना पाहिला. मग पुढची दोन वर्षे पाहिली. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा.

त्यानंतर दृढीकरणाची नोंदवही काढली. लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुले मोठी झाली की स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतात, ते दृढीकरण. त्यात तो होता, वय सोळा. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते 'बाप्तिस्म्याचा पुरावा'. इतर मुलांपुढे त्या रकान्यात क्रमांक होते. त्याच्यापुढे लिहिले होते, 'वडिलांचे निवेदन', आणि खाली माझी सही होती.

मी आवारात येऊन आक्काला फोन लावला. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. परिचारिका म्हणून निवृत्त झाली, आता अकलूजला असते. माझी बायको मुलगा चार वर्षांचा असताना वारली. त्यामुळे त्या दिवसाचे विचारावे असे आक्काशिवाय कोणी उरले नव्हते. मी तिला विचारले, याचा बाप्तिस्मा कोणत्या पाळकांनी दिला होता ते आठवते का.

"कुणी दिला म्हणजे? कुणीच नाही दिला की. पाळकसाहेब आलेच कुठं?"

मी म्हटले, जेवण तर झाले होते.

"व्हय, जेवण झालं. मटण पहाटेच चढवलेलं. दीडशे माणूस येऊन बसलेलं. काय करणार? चर्चच्या वडीलमंडळींनी उपासना घेतली, गाणी झाली, पाळणा झाला, जेवलो. पाळकसाहेब तिकडं सिव्हिलला अडकलेले, त्या टेंपोच्या भानगडीत. पुढच्या रविवारी करू म्हणून निरोप आला." मग तिने विचारले, "तू कुठं होतास रे तेव्हा?"

"सिव्हिलला," मी म्हटले.

ती हसली नाही. म्हणाली, "उन्हात उभा असशील. घरी जा."

झाले होते ते असे. सकाळी सात वाजता ऑफिसचा शिपाई सायकलवर घरी आला आणि टेंपो उलटल्याचे सांगून गेला. मी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. उपासना साडेनऊला सुरू व्हायची आणि अकराला संपायची. तोवर येतो असे मी घरी सांगितले होते. साडेअकराच्या सुमारास वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मला आमचे तेव्हाचे पाळकसाहेब दिसले. जखमींमध्ये मंडळीतली दोन कुटुंबे होती. उपासना उरकून ते लगेच आले असावेत, असे मी धरले. मी त्यांना जखमींपैकी दोघांची नावे विचारली. त्यांनी सांगितली. मी ती लिहून घेतली. ते पहाटेपासून तिथे होते आणि उपासना त्यांच्याविना झाली होती, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पाऊण तीनला मी घरी पोहोचलो. शेवटची पंगत बसली होती. बायकोने ताट वाढले, मी जेवलो आणि बातमी लिहायला परत ऑफिसला गेलो.

त्या वर्षअखेर पाळकसाहेबांची दुसऱ्या गावी बदली झाली. मी आक्काला विचारले, बायकोने मला सांगितले नसेल का. आक्का म्हणाली, "दोनदा सांगितलं म्हणायची. तू 'बघू' म्हणालास. नंतर ती आजारी पडली, मग कोण विचारतंय? याचं दृढीकरण झाल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, मधे कधीतरी उरकलं असेल." मला यातले काही आठवत नाही. ते खोटे आहे असे म्हणण्याजोगेही माझ्याकडे काही नाही.

घरी आलो तेव्हा मुलगा नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत होता. मुलगी त्याच्या छातीवर झोपलेली होती. मी दारात उभा राहून घडलेले क्रमाने सांगितले. तो हलला नाही, ती उठेल म्हणून.

"दृढीकरण झालंय की माझं," तो म्हणाला.

"ते माझ्या सहीवर झालं."

"आणि सही कशाच्या आधारावर केलीत?"

"जेवणाच्या."

त्याने छताकडे पाहिले. मग हळू आवाजात विचारले, अजून कुणाला सांगितलंत. मी म्हटले, आक्काला. "म्हणजे अकलूजला कळलं," तो म्हणाला.

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती हात पुसत आली. तिला हसू आवरत नव्हते आणि ते वाईट हसू नव्हते. "पप्पा, चर्चमधल्या बायका पाच वर्षं मला विचारतायत, तू कधी घेणार, तू कधी घेणार. यांना कुणी एकदा तरी विचारलं का?" नवरा हसत नाही हे पाहून ती थांबली. मग तिने विचारले, "पण रविवारचं काय?" नियम मी तिला सांगितला. ती बाप्तिस्मा न घेतलेली, तो बाप्तिस्मा न झालेला. मुलीचा अर्ज पुढे जाऊ शकत नव्हता.

तिने माहेरी फोन लावला. पाच मिनिटे कानडीत बोलणे झाले. फोन हातात धरूनच ती आम्हाला म्हणाली, "आई विचारतेय, यांचं नाव तरी ठेवलंय ना?" मुलगा पहिल्यांदा हसला, पण लगेच तोंड फिरवले. आईने आणखी विचारले होते की भांडी आणि माणसे पाठवायची की थांबवायची. सुनेने तिला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले.

संध्याकाळी मी आणि मुलगा पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी नोंदवही स्वतः पाहिली. मग ते मुलाशी बोलले. त्यांचे म्हणणे असे की सोळाव्या वर्षी त्याचे शिक्षण झालेले आहे, तेव्हापासून तो चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेतो आहे, त्यामुळे पुन्हा वर्ग घ्यायची गरज त्यांना वाटत नाही. त्याने स्वतः कबुली देऊन बाप्तिस्मा घेतला तर त्यानंतर लगेच मुलीचा देता येईल. मात्र मंडळीच्या कमिटीची परवानगी लागेल आणि माझ्याकडून लेखी लागेल, कारण आधीचे लेखी निवेदन माझे होते. कमिटी शुक्रवारी बोलावता येईल. मुलाला स्वतःला हवे असेल तरच, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मुलगा म्हणाला, विचार करून सांगतो.

त्याच रात्री मी कमिटीसाठी चार वाक्ये लिहिली. नोकरीत असताना चुकीच्या बातमीचा खुलासा आम्ही तीन वाक्यांत बसवत असू. चौथे वाक्य असे होते की त्या दिवशी मी उपस्थित नव्हतो.

शुक्रवारी दुपारी कमिटी बसली. नऊ जण होते. पाळकसाहेबांनी माझा कागद वाचून दाखवला. मग सगळ्यांत वयस्क सभासद, निवृत्त शाळामास्तर, म्हणाले की ते त्या जेवणाला होते आणि मटण चांगले झाले होते. त्यांनाही बाप्तिस्मा झाल्याचेच आठवत होते. कोणता पाळक, कोणते गाणे, हेसुद्धा ते सांगू लागले. पाळकसाहेबांनी त्यांना सांगू दिले आणि मग परवानगीचा ठराव मांडला. तो मंजूर झाला. एका सभासदाने सुचवले की मुलाला अवघड वाटत असेल तर सकाळी सातची लहान उपासना आहे, तिथे पंधरा-वीस माणसे असतात, तिथे घ्यावा. त्यालाही कमिटीत कोणाची हरकत नव्हती.

हे मी घरी सांगितले. मुलाने ऐकून घेतले. मंगळवेढ्याचा फोन दोनदा आला. सुनेने दोन्ही वेळा आईला थांबायला सांगितले. मटणाचा आचारी बोकड ठरवू का म्हणून विचारत होता. मी त्याला ठरव म्हटले, कारण एकशे ऐंशी माणसांना निरोप गेलेले होते आणि ते मागे घ्यायचे म्हणजे कारण सांगावे लागणार होते.

शनिवारी सकाळी टँकर आला. आवारातल्या टाक्या भरून घ्यायला मी आणि मुलगा गेलो. मंडपाचे बांबू उभे राहिले होते, कापड अजून चढले नव्हते. दोघे चर्चच्या पायरीवर सावलीत बसलो. पाइप एका टाकीतून दुसऱ्या टाकीत टाकायला तो मधूनमधून उठत होता.

मी त्याला सांगितले की लाज वाटत असेल तर सातची उपासना आहे.

"लाज नाही वाटत," तो म्हणाला. "राग आलाय. कुणावर काढायचा ते कळत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं."

"माझ्यावर काढ."

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही फार दमलेले दिसता, पप्पा."

टाकी भरली, तो उठला, पाइप काढून पुढच्या टाकीत टाकला. परत येऊन बसला नाही, उभाच राहिला. तो म्हणाला की त्याला हे स्वतःसाठी हवे आहे का, याचे उत्तर त्याला दोन दिवसांत सापडलेले नाही. सोळाव्या वर्षी जे बोललो ते खरेच बोललो होतो, एवढे त्याला नक्की आठवते. तेच पुन्हा बोलायला हरकत नाही. सव्वा वर्षाने ती चालत असेल, बोलत असेल, आणि तो पुन्हा परका असेल. तिला हातावर घेऊन उभे राहायचे तर आत्ताच. हे सगळे तो टँकरकडे बघत बोलला.

मग म्हणाला, "सातला नको. साडेनऊलाच. तिच्या आधी पाच मिनिटं. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

मी पाळकसाहेबांना फोन केला. सुनेने आईला फोन केला. दुपारी तीनच्या सुमारास मंगळवेढ्याहून दोन माणसे एका 'छोटा हत्ती' टेंपोतून भांडी घेऊन पोहोचली. मटणाच्या आचाऱ्याने त्यांना भिंतीमागून हाक मारून चहा दिला. चहाचे पातेले माझे वेगळे आहे, असे त्याने आधी सांगितले.

रविवारी उपासना साडेनऊला सुरू झाली. चर्च भरलेले होते. उशिरा आलेले लोक मागे भिंतीला टेकून उभे होते. मंगळवेढ्याची मंडळी डावीकडच्या पहिल्या तीन बाकांवर होती. सुनेची आई डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर होती. आक्का पहाटेच्या एसटीने अकलूजहून आली होती. ती माझ्या शेजारी बसली आणि पंखा कोणता चालू आहे ते पाहून एकदा जागा बदलली.

दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेबांनी सांगितले की आज दोन बाप्तिस्मे आहेत, बापाचा आणि लेकीचा. कारण सांगितले नाही. मुलगा पुढे गेला. पांढरा सदरा होता. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरे दिली. पहिले उत्तर मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेले नाही, दुसऱ्यापासून गेले. तो गुडघ्यांवर बसला. पाळकसाहेबांनी पात्रातले पाणी तीनदा त्याच्या डोक्यावर घातले. ते कपाळावरून सदऱ्यावर उतरले. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजले आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला गप्प केले.

तो उठला, डावीकडच्या पहिल्या बाकाकडे गेला आणि दोन्ही हात पुढे केले. सुनेच्या आईने मुलगी त्याच्या हातांवर दिली. सून त्याच्याबरोबर पुढे गेली आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारले, "या बाळाचे नाव काय?" त्याने सांगितले. पाणी तीनदा पडले. मुलगी तिसऱ्या वेळी रडली. त्याने तिला खांद्याला लावले, तेव्हा ती थांबली.

दहा वाजून सतरा मिनिटांनी तिघे परत बाकावर येऊन बसले. ती त्याच्याकडेच होती.